कौटुंबिक न्यासांची अनुदान-परंपरा आणि ग्रामीण अनुदानार्थी संस्था : टाटा न्यासांचा ऐतिहासिक अभ्यास (कोहमारा, जि. गोंदिया परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील उद्योजक घराण्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग कायदेशीर न्यासांच्या स्वाधीन केला. त्यातून व्यक्तिगत दानाची जागा नियमबद्ध अनुदानाने घेतली. प्रस्तुत शोधनिबंधात टाटा घराण्याच्या न्यासांची जडणघडण, त्यांच्या अनुदानामागील विचार आणि अनुदान मागणाऱ्यांनी त्यांच्याशी साधलेला व्यवहार यांचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. या आढाव्याच्या आधारे कोहमारा परिसरातील लहान संस्थांना अशा न्यासांकडे कोणत्या रीतीने जाता येईल, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : कौटुंबिक न्यास, अनुदान, न्यासपत्र, टाटा ट्रस्ट, अनुदानार्थी संस्था, मालगुजारी तलाव, पूर्व विदर्भ.

प्रस्तावना

महाराष्ट्राला दानाची परंपरा नवी नाही. देवस्थानांची इनामे, अन्नछत्रे, धर्मशाळा, पाणपोया, विद्वानांना मिळणारी दक्षिणा व वर्षासने ही या परंपरेची परिचित रूपे होत. या दानात दाता व याचक समोरासमोर असत. दात्याची मर्जी हाच नियम असे आणि दाता गेला की दानाचा ओघही पुष्कळदा आटत असे. ब्रिटिश अमदानीत न्यासविषयक कायदे रूढ झाल्यानंतर या व्यवहाराचे स्वरूप बदलले. दात्याने न्यासपत्र करावे, मूळ निधी विश्वस्तांच्या हाती सोपवावा, त्याच्या उत्पन्नातून न्यासपत्रात नमूद केलेल्या कारणांसाठीच खर्च व्हावा, अशी व्यवस्था अस्तित्वात आली. दाता गेल्यावरही दान चालू राहण्याची सोय तीमुळे झाली. मात्र विश्वस्तांचे हात दात्याच्या शब्दांनी बांधले गेले. अनुदान मागणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल मूलभूत होता. दात्याचे मन वळविण्याबरोबरच न्यासपत्राच्या चौकटीत आपले काम बसते हे दाखविणे त्याला आवश्यक झाले.

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्गावरील (जुना क्रमांक ६, आजचा क्रमांक ५३) गाव. उत्तरेकडे गोरेगावमार्गे गोंदियाला आणि दक्षिणेकडे नवेगावबांध व अर्जुनी मोरगावकडे जाणारा रस्ता येथे महामार्गाला छेदतो. एका बाजूस नागझिरा व दुसऱ्या बाजूस नवेगाव यांच्या जंगलांमधला हा पट्टा आहे. भात, तलाव, मासेमारी आणि वनोपज यांवर येथील जीवन उभे आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला. या परिसरात वाचनालये, युवक मंडळे, महिला बचत गट, मच्छीमार सहकारी संस्था, नाट्यमंडळे यांचे काम चालते. या संस्थांकडे कामाची वाण नाही. मात्र मोठ्या न्यासांच्या दारापर्यंत जाणारी वाट त्यांना माहीत नसते, आणि ती माहीत नसल्यामुळे मागणी बहुधा चुकीच्या ठिकाणी व चुकीच्या स्वरूपात पोहोचते. ही अडचण केवळ व्यवहारज्ञानाची नसून तिला इतिहास आहे. तो इतिहास समजून घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

उद्दिष्टे

१) टाटा घराण्याच्या प्रमुख न्यासांची स्थापना व त्यांच्या न्यासपत्रांचे स्वरूप अभ्यासणे.
२) निवडक ऐतिहासिक उदाहरणांतून अनुदान मागण्याच्या व मिळण्याच्या पद्धतीचा शोध घेणे.
३) न्यासांच्या अनुदानविषयक धोरणात झालेले बदल तपासणे.
४) कोहमारा परिसरातील लहान संस्थांच्या दृष्टीने या इतिहासाचे उपयोजन मांडणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

केवळ गरज दाखवून अनुदान मिळत नाही. न्यासपत्राशी सुसंगत उद्देश, जबाबदार व्यक्ती, निश्चित आराखडा आणि चोख हिशेब यांची सांगड घातली गेली तेथेच कौटुंबिक न्यासांचे अनुदान फलदायी ठरले, हे या निबंधाचे गृहीतक आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन

१. संपत्तीचा उगम आणि विदर्भ

टाटा न्यासांचा विचार करताना मुंबई व जमशेदपूर ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. या संपत्तीच्या जडणघडणीत विदर्भाचा वाटा मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाजवळच गिरणी उभारावी, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. तो यशस्वी ठरला आणि टाटांच्या पुढील उद्योगांना त्यातून बळ मिळाले. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी व अपघात भरपाई यांसारख्या सोयी या गिरणीत एकोणिसाव्या शतकातच सुरू झाल्या होत्या. दातृत्वाचा विचार उद्योगाच्या पोटातच आकार घेत होता, असे यावरून म्हणता येते. ही गिरणी १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली.

लोखंडाच्या शोधाचा धागाही याच प्रदेशातून जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा व अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी तत्कालीन चांदा जिल्ह्यातील लोहारा परिसरात खनिजाचा शोध घेतला. नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींनी पाहिलेल्या भूगर्भीय नकाशावरून दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाकडे लक्ष वळले, ही घटना प्रसिद्ध आहे. कोहमाऱ्यावरून जाणारा महामार्ग पुढे राजनांदगावमार्गे त्याच दुर्गकडे जातो. तात्पर्य, ज्या घराण्याच्या न्यासांकडे पूर्व विदर्भातील संस्था दूरस्थ म्हणून पाहतात, त्या घराण्याच्या संपत्तीशी या भूप्रदेशाचा संबंध प्रारंभापासून आहे.

२. न्यासांची स्थापना : दात्याचे शब्द आणि विश्वस्तांची मर्यादा

जमशेटजींनी १८९२ मध्ये जे. एन. टाटा एन्डाउमेंटची स्थापना केली. परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देणे हे तिचे कार्य. आरंभीच्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा व पुढे कोल्हापुरात वैद्यकीय सेवा बजावणाऱ्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रिया होत्या. येथे दान न देता कर्ज देण्यात आले, ही बाब महत्त्वाची आहे. घेणाऱ्याने शिकून कमवावे, परतफेड करावी आणि त्याच रकमेतून दुसऱ्याने शिकावे, असा हा विचार होता. घेणाऱ्याचा स्वाभिमान राखणारी ही व्यवस्था आजही चालू आहे.

जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांचे ५ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडमध्ये निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये सुमारे ८० लाख रुपयांच्या निधीतून सर रतन टाटा ट्रस्ट अस्तित्वात आला. मृत्युपत्रातील आशय आजही विचारार्ह वाटतो. समाजाच्या सामाजिक व आर्थिक हिताच्या प्रश्नांचा जाणकारांकडून अभ्यास व्हावा, त्यातून व्यवहार्य योजना तयार व्हाव्यात आणि हे काम ठरीव साच्याने न होता नव्या ज्ञानाच्या प्रकाशात व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ज्याच्याजवळ प्रश्नाचा अभ्यास आहे आणि योजना आहे, अशा अनुदानार्थीला या शब्दांनी दार उघडून दिले.

ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी टाटा यांनी ११ मार्च १९३२ रोजी न्यासपत्र करून आपली जवळजवळ सर्व संपत्ती न्यासाच्या स्वाधीन केली आणि त्याच वर्षी ३ जून रोजी त्यांचे जर्मनीत निधन झाले. सुप्रसिद्ध ज्युबिली हिराही या संपत्तीत होता. सर दोराबजी टाटा ट्रस्टचे उद्देश व्यापक असून जात, धर्म वा प्रदेश यांचे बंधन त्यास नाही. याउलट, पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्येच स्थापन झालेल्या लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचा मुख्य उद्देश रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाला साहाय्य करणे हा ठेवण्यात आला.

एकाच घराण्याचे, एकाच वर्षी जन्मलेले हे दोन न्यास. परंतु त्यांच्या अनुदानाची क्षेत्रे पूर्णतः भिन्न आहेत. एखाद्या गावाने विहिरीसाठी कितीही कळकळीने अर्ज केला तरी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टच्या विश्वस्तांना तो मान्य करता येणार नाही. हा नकार निष्ठुरपणाचा नसतो. तो न्यासपत्राचा असतो. हा भेद ग्रामीण संस्थांच्या लक्षात येत नाही आणि म्हणून नकाराचा अर्थ अवहेलना असा लावला जातो.

३. अनुदानार्थींचा व्यवहार : चार उदाहरणे

अ) महात्मा गांधी व सर रतन टाटा : दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी सर रतन टाटा यांनी १९०९ ते १९१२ या काळात पंचवीस-पंचवीस हजारांच्या हप्त्यांनी एकूण १,२५,००० रुपये दिले. गोपाळ कृष्ण गोखले हे या व्यवहारातील दुवा होते. अर्थात दात्यापर्यंत पोहोचण्यासाठी विश्वासार्ह मध्यस्थाची गरज होती. तथापि पहिला हप्ता गोखल्यांच्या शब्दावर मिळाला असे मानले तरी पुढील हप्त्यांमागे गांधीजींची हिशेबाची शिस्त होती. १ एप्रिल १९१२ रोजी त्यांनी सर रतन टाटा यांना उद्देशून जाहीर पत्र लिहून निधीच्या विनियोगाचा तपशील मांडला. आजच्या परिभाषेत ज्यास उपयोगिता प्रमाणपत्र व प्रगती अहवाल म्हणतात, त्याचेच हे पूर्वरूप होय. मागितल्यावर हिशेब देणे आणि होऊन हिशेब देणे यांत अंतर आहे. दुसऱ्या प्रकारातून विश्वास जन्माला येतो.

आ) पाटलिपुत्र उत्खनन व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स : सर रतन टाटा यांनी पाटणा येथील पाटलिपुत्राच्या उत्खननासाठी वार्षिक २०,००० रुपये देऊ केले आणि डॉ. डी. बी. स्पूनर यांच्या देखरेखीखाली १९१३ मध्ये काम सुरू झाले. एकूण सुमारे ७५,००० रुपये त्यावर खर्ची पडले. १९१२ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाला दारिद्र्याची कारणे व त्यावरील उपाय यांच्या अभ्यासासाठी प्रारंभी तीन वर्षे दरसाल १,४०० पौंड दिले. त्यातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रतन टाटा फाउंडेशन उभे राहिले व आर. एच. टॉनी त्याचे पहिले संचालक झाले. दोन्ही ठिकाणी रक्कम, मुदत आणि विषय ठरलेले होते. दान अनंत काळासाठी नव्हते. ठरावीक कामासाठी होते.

इ) डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट व समाजकार्याचे विद्यालय : अमेरिकन मराठी मिशनचे मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात मुंबईच्या नागपाडा वस्तीत नेबरहूड हाउसचे काम सुरू केले. गिरणगावातील दाट वस्ती, आजार, कर्जबाजारीपणा हे प्रश्न त्यांनी जवळून पाहिले होते. प्रशिक्षित समाजकार्यकर्ते तयार करणारी संस्था हवी, ही त्यांची कल्पना सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या विश्वस्तांनी स्वीकारली आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. मॅन्शार्ट हेच पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये या संस्थेस टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. येथे अनुदानार्थीचे बळ त्याच्या आधीच्या कामात होते. वस्तीतील अनेक वर्षांचा अनुभव हाच त्याचा खरा अर्ज होता.

ई) डॉ. होमी भाभा यांचा प्रस्ताव : अनुदान मागण्याच्या इतिहासात १२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना लिहिलेल्या पत्राचे स्थान अनन्यसाधारण आहे. मूलभूत भौतिकशास्त्रातील संशोधनासाठी संस्था उभारावी आणि पुढील काळात अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा देशाला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असे त्यांनी मांडले. भाभा हे लेडी मेहेरबाई टाटा यांचे भाचे. जे. आर. डी. टाटा यांच्याशी त्यांचा निकटचा परिचय. असे असूनही १९४३ मध्ये त्यांनी जे. आर. डीं.जवळ विषय काढला तेव्हा, ठोस प्रस्ताव सबळ कारणांसह मांडल्यास न्यास अनुकूल विचार करील, असाच सल्ला त्यांना मिळाला. म्हणजे आप्तसंबंध असलेल्यालाही लेखी आराखड्यातून सूट मिळाली नाही.

एप्रिल १९४४ मध्ये विश्वस्तांनी प्रस्तावास मान्यता दिली. १९४५ मध्ये बंगळूर येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम सुरू होऊन त्याच वर्षी ती मुंबईत आली. आरंभीच्या ८०,००० रुपयांच्या वार्षिक अंदाजपत्रकात न्यासाचा वाटा ४५,००० रुपयांचा, मुंबई सरकारचा २५,००० रुपयांचा व भारत सरकारचा १०,००० रुपयांचा होता. न्यासाचा पैसा सार्वजनिक पैशाला वाट करून देणारा ठरला. कर्करोगासाठीच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाबतही असेच घडले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. न्यासाने आरंभ करावा आणि काम सिद्ध झाल्यावर शासनाने ते पुढे न्यावे, अशी ही रीत होती.

या चारही उदाहरणांतून एक समान सूत्र हाती येते. अनुदान गरजेला मिळाले नाही. गरजेवर काम करू शकणाऱ्या माणसाला व त्याच्या आराखड्याला मिळाले. त्याचबरोबर दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. गांधीजींना गोखले लाभले आणि भाभांना जे. आर. डी. लाभले. मॅन्शार्ट मुंबईतच काम करीत होते. पूर्व विदर्भातील खेड्यात तितक्याच निष्ठेने काम करणाऱ्याला असा दुवा उपलब्ध नव्हता. प्रस्ताव सर्वांसाठी आवश्यक होता. पण प्रस्ताव कसा असावा हे आधी सांगणारे माणूस मोजक्यांनाच भेटत होते. ग्रामीण संस्था मागे राहण्याचे मूळ येथे आहे.

४. संस्था-उभारणीकडून कार्यक्रमांकडे

स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत मोठ्या राष्ट्रीय संस्थांची उभारणी हे टाटा न्यासांचे ठळक वैशिष्ट्य राहिले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सर रतन टाटा ट्रस्टने ग्रामीण उपजीविका, शिक्षण, आरोग्य अशी क्षेत्रे ठरवून नियोजनबद्ध अनुदान देण्यावर भर दिला. व्यक्तिपरिचयाची जागा क्रमाक्रमाने ठरलेल्या विषयांनी व लेखी छाननीने घेतली. ग्रामीण संस्थांसाठी हा बदल निश्चितच अनुकूल होता.

परंतु कार्यक्रम ठरले की त्यांच्या भौगोलिक सीमाही ठरतात. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००८ मध्ये सर रतन टाटा ट्रस्टने ‘सुखी बळीराजा’ उपक्रम हाती घेतला. त्याचे कार्यक्षेत्र अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा, बुलढाणा व वाशीम हे सहा जिल्हे होते. कापूस पट्ट्यातील संकटाची तीव्रता पाहता ही निवड समजण्यासारखी होती. मात्र भात व तलावांचा गोंदिया जिल्हा त्याबाहेर राहिला. विदर्भ असा एकच शब्द वापरला तरी त्यातील पूर्व व पश्चिम भागांचे प्रश्न वेगळे आहेत, याची मांडणी पूर्व विदर्भातील संस्थांनी स्वतःच करावयास हवी, हे यातून स्पष्ट होते.

आज टाटा न्यासांकडे टाटा सन्स या कंपनीचे सुमारे ६६ टक्के भागभांडवल आहे. रतन नवल टाटा यांचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाल्यानंतर नोएल टाटा यांची टाटा ट्रस्टच्या अध्यक्षपदी निवड झाली. न्यास व कंपनी यांतील हा फरक अनुदानार्थींनी नीट ओळखला पाहिजे. गाडी, मीठ वा पोलाद तयार करणाऱ्या कंपनीच्या कार्यालयाकडे पाठविलेला अर्ज म्हणजे न्यासाकडे केलेला अर्ज नव्हे.

५. स्थानिक दातृत्वाची दुसरी परंपरा

पूर्व विदर्भाला दातृत्वाची स्वतःची परंपरा आहे, पण तिचे स्वरूप निराळे आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठास उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. गोंदियात मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०) यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्थेची स्थापना करून शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले. या परंपरेत दाता एक तर एकाच संस्थेला सर्वस्व देतो किंवा स्वतःच संस्था उभारून चालवितो. या दातृत्वाचे ऋण मोठे आहे. तथापि दुसऱ्यांच्या कामाची छाननी करून त्यांना मुदतबंद अनुदान देणारा न्यास हा प्रकार या भागात रुजला नाही. त्यामुळे संस्थाचालकांना देणगी मागण्याचा सराव आहे. प्रस्ताव लिहिण्याचा नाही. देणगीसाठी भेट, सत्कार व विनंती पुरते. अनुदानासाठी उद्दिष्ट, अंदाजपत्रक व अहवाल लागतो.

६. कोहमारा परिसर : न्यासांच्या अनुदानाचे महत्त्व व उपयोजन

कोहमारा परिसराच्या दृष्टीने कौटुंबिक न्यासांचे महत्त्व गेल्या दशकात वाढले आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. परंतु त्यात कंपनीच्या कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. जेथे मोठा प्रकल्प आहे तेथे हा निधी येतो. कोहमाऱ्यासारख्या वन व शेतीच्या पट्ट्याकडे तो सहज वळत नाही. दुसरीकडे, विदेशी अंशदानविषयक कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने विदेशी निधी दुसऱ्या संस्थेस हस्तांतरित करण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेमार्फत लहान संस्थेला मिळणारा तो ओघही थांबला. अशा स्थितीत कारखान्याच्या जवळिकीशी बांधलेला नसलेला, देशातील न्यासांचा पैसा हाच या परिसराला उपलब्ध असलेला महत्त्वाचा मार्ग ठरतो.

उदाहरणादाखल मालगुजारी तलावांचा विचार करता येईल. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने व मालगुजारांनी या प्रदेशात हजारो तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर तलाव शासनाकडे गेले आणि गावाने देखभाल करण्याची जुनी घडी विस्कटली. गाळ साचला, बेशरमसारख्या वनस्पती माजल्या, स्थानिक मासे कमी झाले. एखाद्या गावातील मंडळाला तलावाच्या पुनरुज्जीवनासाठी अनुदान हवे असल्यास पूर्वोक्त इतिहासातून पुढील क्रम सुचतो.

पहिली पायरी न्यासाच्या निवडीची. न्यासाचे उद्देश, चालू विषय आणि कार्यक्षेत्र आधी वाचावे. उपजीविका, पाणी वा पर्यावरण हे विषय असलेल्या न्यासाकडेच तलावाचा प्रस्ताव जावा. एकच अर्ज नाव बदलून दहा ठिकाणी पाठविण्यापेक्षा एका योग्य ठिकाणी पाठविणे हिताचे असते.

दुसरी पायरी कायदेशीर पात्रतेची. धर्मादाय न्यास सामान्यतः सार्वजनिक हितासाठी नोंदलेल्या संस्थेलाच अनुदान देतात. मच्छीमार सहकारी संस्था सभासदांच्या आर्थिक हितासाठी असते, त्यामुळे तिच्या नावे थेट अनुदान मिळणे कठीण जाते. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाने अर्जदार व्हावे आणि मच्छीमार संस्था, बचत गट व ग्रामसभा यांनी सहभागी व्हावे, ही रचना अधिक सोयीची आहे. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, प्राप्तिकर विभागाकडील धर्मादाय नोंदणी, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि विद्यमान विश्वस्तांची अद्ययावत नोंद ही कागदपत्रे अपरिहार्य होत. ग्रामीण संस्थांची प्रकरणे पुष्कळदा येथेच अडतात. जुने विश्वस्त दिवंगत झालेले असतात, चेंज रिपोर्ट वेळेवर दाखल झालेला नसतो आणि शेड्यूल-१ च्या उताऱ्यावर जुनीच नावे राहतात. काम खरे असूनही कागद ते सिद्ध करीत नाही.

तिसरी पायरी प्राथमिक टिपणाची. जे काम भाभांसाठी जे. आर. डीं.च्या सल्ल्याने केले, ते लहान संस्थेसाठी दोन पानांच्या संकल्पना-टिपणाने करता येते. प्रश्न कोणता, कोणाचा, आजवर गावाने काय केले, पुढे काय करणार, किती काळात व किती खर्चात, एवढे त्यात असावे. सविस्तर प्रस्ताव न्यासाने विचारल्यावर द्यावा.

चौथी पायरी अंदाजपत्रकाची. न्यासाकडून संपूर्ण खर्चाची अपेक्षा न धरता गावाचे श्रम, शासनाची योजना व न्यासाचा वाटा अशी विभागणी दाखवावी. राज्य शासनाच्या २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकऱ्यांनी गाळ स्वखर्चाने वाहून न्यावा अशी कल्पना होतीच. लहान तलाव मुख्यतः जिल्हा परिषदेच्या ताब्यात असल्याने तिची परवानगी व ग्रामसभेचा ठराव प्रस्तावास जोडावा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंदाजपत्रकातील तीन वाटे आणि गावतलावाच्या अंदाजपत्रकातील तीन वाटे यांत प्रमाणाचा फरक आहे, तत्त्वाचा नाही.

पाचवी पायरी हिशेबाची. अनुदानाचे वेगळे खाते, पावत्यांची फाइल, ठरलेल्या तारखेला अहवाल आणि अपयशाची प्रांजळ नोंद यांमुळे दुसऱ्या अनुदानाचा मार्ग मोकळा होतो. ग्रामसभेत खर्चाचे वाचन केल्यास गावाचाही विश्वास टिकतो.

या सर्व सूचना अनुदानार्थींना उद्देशून आहेत. परंतु संपूर्ण भार त्यांच्यावरच टाकणे न्याय्य होणार नाही. इंग्रजीतील अर्जनमुने, संगणकीय नोंदणी आणि महानगरातील सल्लागारांची भाषा यांमुळे नवी दरी निर्माण होते. पूर्वी दुवा नसलेला मागे राहत असे, आज परिभाषा न जाणणारा मागे राहतो. न्यासांनी प्रादेशिक भाषेतील प्राथमिक टिपण स्वीकारावे, लहान रकमेच्या अनुदानाची सोय ठेवावी आणि नकार देताना कारण कळवावे, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही. ठरीव साच्यात अडकू नये, ही सर रतन टाटा यांची अपेक्षा अर्जाच्या नमुन्यालाही लागू होते. जिल्ह्यातील महाविद्यालयांनाही येथे काम आहे. समाजकार्य, वाणिज्य व मराठी विभागांनी मिळून लहान संस्थांना प्रस्तावलेखन व हिशेबासाठी साहाय्य केल्यास गोखल्यांनी बजावलेली दुव्याची भूमिका काही अंशी त्यांना बजावता येईल.

निष्कर्ष

१) कौटुंबिक न्यासाचे अनुदान न्यासपत्राच्या शब्दांनी बांधलेले असते. म्हणून न्यासपत्राचे उद्देश समजून घेणे ही अर्जाची पहिली पायरी होय.
२) गांधीजी, मॅन्शार्ट व भाभा यांच्या उदाहरणांवरून गरजेबरोबरच पूर्वकार्य, ठोस आराखडा आणि हिशेब यांना न्यासांनी महत्त्व दिल्याचे दिसून येते. गृहीतक त्या मर्यादेत सिद्ध होते.
३) याच उदाहरणांवरून दात्यापर्यंत नेणारा दुवा हा घटकही तितकाच निर्णायक होता हे दिसते. तो सर्वांना सारखा उपलब्ध नव्हता आणि ग्रामीण संस्थांच्या मागे राहण्याचे ते एक ऐतिहासिक कारण आहे.
४) न्यासांचा पैसा टिकाऊ ठरला तो आरंभाचा पैसा म्हणून. शासन व समाज यांचा वाटा जोडला गेला तेथे काम पुढे चालले.
५) कंपन्यांचा निधी प्रकल्प-परिसराकडे झुकतो आणि विदेशी निधीचे हस्तांतरण बंद आहे. त्यामुळे कोहमाऱ्यासारख्या परिसरासाठी देशांतर्गत कौटुंबिक न्यासांचे अनुदान विशेष मोलाचे आहे.
६) अनुदान मागणे ही याचना नाही. न्यासाजवळ निधी व उद्देश असतो, गावाजवळ प्रश्नाचे ज्ञान व श्रम असतात, आणि न्यासाचा उद्देश गावातील कामाशिवाय पूर्ण होत नाही. ही जाणीव ठेवून कोहमारा परिसरातील संस्थांनी न्यासांकडे जावे आणि न्यासांनीही ती जाणीव ठेवून त्यांचे म्हणणे ऐकावे, हेच या अभ्यासाचे सार आहे.